सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलंय. बायोप्सी न करता चरबी नक्की मोजता येते का?

तुम्ही देवरुखहून विचारताय: बाबांना मधुमेह आहे, दारूला ते कधी शिवले नाहीत, तरी ग्रेड २ कसं? डॉक्टर म्हणतात कोल्हापूरला जाऊन फायब्रोस्कॅन करा; की सरळ एमआरआयच करावा?

मोजता येते. मी रत्नागिरी जिल्ह्यातच रेडिओलॉजिस्ट आहे, असे ग्रेड रोज लिहिते, म्हणून आधी त्याबद्दल सांगते. ग्रेड हे माप नव्हे, अंदाज आहे. पडद्यावर यकृत आणि उजवी किडनी शेजारी शेजारी दिसतात, आणि निरोगी माणसात दोन्हींचा करडा रंग जवळपास सारखा असतो. चरबी साठली की यकृत पांढुरकं दिसू लागतं. आणखी वाढली की आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट होतात. हे सगळं डोळ्यांनी ठरतं. मी ज्याला १ म्हणेन त्याला दुसरे डॉक्टर २ म्हणू शकतात, आणि २० टक्क्यांखालची चरबी सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटते.

फायब्रोस्कॅनमध्ये बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवून टिचकीसारखा ठोका देतात, किमान दहा वेळा. दुखत नाही. ठोक्याची लहर जितकी वेगाने पुढे जाते तितकं यकृत कडक. हा आकडा किलोपास्कलमध्ये येतो. दुसरा आकडा 'कॅप', तो चरबीचा. रिपोर्ट हातात आला की आधी कडकपणा बघा. चरबी वजन उतरलं की उतरते, पण यकृतात व्रण धरले असतील (कडकपणा त्यांचीच खूण) तर काळजी त्यांची. ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर सहसा धीर धरायला हरकत नाही. दोन्ही आकडे एका फेरीत मिळतात, म्हणून मी बाबांसाठी हीच तपासणी निवडेन.

एक मात्र सांभाळा: आधीचे तीन तास पोट रिकामं हवं. जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि कडकपणा खोटाच जास्त दिसतो. म्हणजे देवरुखला न्याहारी करून निघा, पण आंबा घाट चढल्यावर मलकापूरला गाडी थांबली तरी काही खाऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या त्या सकाळी कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना आधी विचारा. पोट सुटलेलं असेल तर जाड अंगासाठीचा 'एक्सएल प्रोब' आहे का, हेही फोनवर विचारून घ्या.

चरबी सर्वांत अचूक मोजतो तो एमआरआय-पीडीएफएफ, म्हणजे यकृतातल्या चरबीची टक्केवारी काढणारा एमआरआय. ५ टक्क्यांइतकी चरबीही तो पकडतो, इंजेक्शन लागत नाही. पण खर्च जास्त, सोय सगळीकडे नाही, आणि बाबांचे उपचार तेवढ्या अचूकतेने आज बदलणार नाहीत.

बाबांना हेही सांगा, की दारू न पिता यकृतात चरबी साठण्यामागे मधुमेह आणि पोटाचा घेर ही नेहमीची कारणं आहेत. २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं, तेव्हा त्यातून 'अल्कोहोल' हा शब्दच काढून टाकला.