दोस्त खोटं बोलत नव्हता, त्याला आठवतच नव्हतं

"ताई, तो नाटक करतोय की खरंच विसरतोय, तेवढं फक्त सांगा." दारू पिणाऱ्या माणसाचे मित्र, बायको, भाऊ माझ्याकडे सल्ला घ्यायला येतात तेव्हा फिरून फिरून प्रश्न हाच असतो. म्हणून बडोद्यातली एक केस लिहितेय, नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि दोघांना विचारूनच लिहितेय.

आलेला माणूस चाळिशीतला, दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालेला, बँकेत नोकरीला. ज्याच्यासाठी आला तो त्याचा शाळेपासूनचा दोस्त, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. पिणं कॉलेजनंतर सुरू झालं, आधी फक्त दमणच्या ट्रिपला, मग शनिवारी, मग रोज क्वार्टर आणि आता क्वार्टरवर थांबत नाही. गुजरातमध्ये 1960 पासून, म्हणजे राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे हे खरं, पण ज्याला मिळवायची त्याला मिळते, फक्त ती लपून प्यावी लागते, त्यामुळे किती पितो हे घरच्यांनाही नीट कळत नाही.

भांडण झालं होतं पैशावरून. सुपरवायझरने मित्राकडून दहा हजार घेतले आणि पंधरा दिवसांनी म्हणाला, मी कधी घेतले? मित्राने बँकेचं स्टेटमेंट दाखवलं तर म्हणतो, अरे हां, ते तर मी तुला गेल्या रविवारी परत दिले, तुझ्या घरीच, तू चहा केला होतास. मित्र त्या रविवारी नाशिकला मावशीकडे होता! "ताई, डोळ्यात बघून इतकं सरळ खोटं बोलला, चहाचं पण सांगितलं, मला तर शिसारी आली." दोन महिने बोलणं बंद होतं. मग एका संध्याकाळी सुरसागर तलावाच्या कठड्यावर दोघं बसले, सुपरवायझरने मुलीच्या ॲडमिशनची गोष्ट सांगितली, दहा मिनिटांनी परत तीच, त्याच शब्दांत, हसायच्या जागासुद्धा त्याच, आणि थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. मित्र घाबरला आणि माझ्याकडे आला.

मी त्याला आधी विचारलं की हे विसरणं कधीचं आहे, प्यायलेल्या रात्रीचं की न प्यायलेल्या दिवसाचं? हा फरक फार मोठा आहे आणि लोक दोन्ही एकातच टाकतात.

प्यायलेल्या रात्रीचं विसरणं म्हणजे ब्लॅकआउट. थोड्या वेळात, त्यात उपाशीपोटी, भरपूर दारू गेली की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, जो नवीन आठवण साठवतो, तो काम करेनासा होतो. माणूस पडलेला नसतो बरं का, तो चालतो, बोलतो, भांडतो, गाडीसुद्धा चालवतो, फक्त त्यातलं काही साठतच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी "आठव ना, आठव ना" करून उपयोग नाही, जे साठलंच नाही ते आठवणार कुठून. काहींना तुकडे तुकडे आठवतात, काहींना दोन-तीन तास पूर्ण कोरे.

पण न पिता, पूर्ण शुद्धीत असताना तीच गोष्ट तीनदा सांगणं, कालचं जेवण न आठवणं, आणि रिकाम्या जागी नकळत गोष्ट तयार करून ती खरी मानणं, हे पुढचं आहे आणि जास्त काळजीचं आहे. चहाची गोष्ट मला इथेच बसताना दिसली. डॉक्टर याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. माणूस फसवत नसतो, त्याला स्वतःलाच ते घडलंय असं वाटत असतं. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मी त्याला चारचौघांत लबाड म्हटलंय हो.

कारण काय, तर बऱ्याचदा व्हिटॅमिन बी-1, म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. रोज पिणारा माणूस जेवत नाही, शेंगदाणे नाहीतर शेव-चिवड्यावर रात्र काढतो, आणि जे काही खातो त्यातलं थायमिन दारूमुळे आतड्यातून नीट शोषलं जात नाही. मग मेंदूच्या आतल्या काही जागांना इजा होते. जर्मन डॉक्टर वर्निके यांनी 1881 मध्ये याचं तीव्र रूप लिहून ठेवलं, गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड आणि पाय फाकवून, तोल सावरत चालणं. काही वर्षांनी रशियाच्या कोर्साकोव्ह यांनी नंतर उरणारा स्मृतीचा आजार मांडला. वर्निकेंनी लिहिलेल्या त्या तीव्र अवस्थेत लगेच थायमिनची इंजेक्शनं मिळाली तर बरंच वाचवता येतं, उशीर झाला तर आठवणीचं नुकसान कायमचं राहू शकतं. तिन्ही लक्षणं एकदम दिसतातच असं नाही, त्यामुळे त्यातलं एखादं दिसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर ढकलायचं नाही. आणि इमर्जन्सीत लाज न धरता स्पष्ट सांगायचं की हा रोज पितो आणि जेवत नाही. कारण अशा पेशंटला ग्लुकोजची बाटली लावायची तर थायमिन आधी किंवा निदान सोबत द्यावं लागतं, आणि पिण्याचं कुणी सांगितलंच नाही तर डॉक्टरला कळणार कसं?

अर्थात प्रत्येक विसरणं थायमिनचं नसतं. प्यायलेला माणूस पडतो, डोक्याला मार लागतो आणि आत हळूहळू रक्त साठतं, लिव्हर बिघडल्याने गोंधळ होतो, साखर उतरते, कुणी वरून झोपेच्या गोळ्या घेत असतो. हे मी खुर्चीत बसून ओळखू शकत नाही, ते डॉक्टरचंच काम आहे. माझं काम होतं मित्राने त्याला डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं ते.

मित्राच्या डोक्यात आधीच प्लॅन होता. पावागडला नेऊन महाकालीसमोर शपथ घालायची आणि आठ दिवस स्वतःच्या घरी कोंडून ठेवायचं, एक थेंब द्यायचा नाही. मी त्याला तिथेच थांबवलं. शपथेबद्दल माझं काही म्हणणं नाही, श्रद्धेने बळ मिळतंही, पण सुपरवायझरचे हात सकाळी थरथरायचे आणि घोटभर घेतल्यावरच थांबायचे. म्हणजे शरीराला दारूची सवय पडलेली. असा माणूस एकदम बंद केला तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भयंकर गोंधळ, ताप, ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. बंद करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं देऊन. वहिनींनी, म्हणजे सुपरवायझरच्या बायकोने, फोनवर विचारलं की जेवणात गुपचूप टाकायची गोळी मिळते म्हणे. ती गोळी बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. ज्याला माहीत नाही तो त्यावर दारू पितो, उलट्या, धडधड, बीपी खाली, काही वेळा थेट आयसीयू. पेशंटला न सांगता कधीच देऊ नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

मग बोलायचं कसं? रात्री, तो प्यायलेला असताना अजिबात नाही, तेव्हाचं बोलणं सकाळी त्याच्याकडे नसतंच. सकाळी, एकट्याने, चारचौघांत नाही. "तू दारुडा झालास" म्हणायचं नाही, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. मित्राने माझ्यासमोर दोन-तीनदा बोलून बघितलं, पहिल्या वेळी सगळा राग पैशावर आला, मग हळूहळू जमलं. कमाटीबागेत फिरताना तो म्हणाला, "सुरसागरला तू मला मुलीची गोष्ट तीनदा सांगितलीस. तू प्यायलेला नव्हतास. मला भीती वाटली यार. डॉक्टरकडे जाऊ, मी रजा टाकतो." उत्तर आलं, तू माझा बाप आहेस का. मित्र म्हणाला नाही, दोस्त आहे, आणि विषय तिथेच सोडला. पुन्हा तेच, तेवढंच, काही दिवसांनी. वाद घालायचा नाही आणि विषय सोडूनही द्यायचा नाही, हे वाचायला सोपं आहे पण करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. शेवटी वर्कशॉपमध्ये एका जॉबचं माप त्याने स्वतः लिहून स्वतःच विसरलं आणि माल रिजेक्ट झाला, तेव्हा त्यानेच फोन केला, कधी जायचं?

जायच्या आदल्या रात्री मात्र वेगळीच भीती निघाली. डॉक्टरला पितो म्हणून सांगितलं तर पोलीस येतील, नोकरी जाईल. गुजरातमध्ये ही भीती मला सारखी भेटते आणि तिच्यामुळे लोक महिनोन् महिने वाया घालवतात. 2017 चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट दारूच्या व्यसनाशी संबंधित मानसिक स्थितीला आजारात धरतो आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क पेशंटला देतो, त्याला काही ठरावीक अपवाद आहेत, पण उपचार मागायला गेलेला माणूस पेशंट म्हणूनच जातो. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आपल्या एसएसजीत, मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. कुठे जावं कळत नसेल तर व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416, दोन्ही फुकट आहेत.

सुपरवायझर ॲडमिट झाला, थायमिन सुरू झालं, तपासण्या झाल्या, थरथर औषधांनी आवरली. नंतरच्या काही महिन्यांत तीच गोष्ट परत परत सांगणं बरंच कमी झालं, तरी नवीन नावं आणि तारखा अजून निसटतात. खिशात छोटी वही ठेवतो, वहिनी आणि मित्र "आठवतंय का?" म्हणून परीक्षा घेत नाहीत, सरळ सांगतात की आज मंगळवार, पाच वाजता डॉक्टर. दहा हजारांचं म्हणाल तर वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतः लिहिलंय आणि दर महिन्याला हजार परत करतो, मित्र नको म्हणत होता, मी म्हटलं घे, त्याला देऊ दे.

मित्रासाठीही काही गोष्टी ठरवल्या होत्या. उसने पैसे यापुढे नाहीत, ऑफिसला "त्याला ताप आहे" असा खोटा फोन नाही, प्यायलेला असेल तर गाडीची चावी काढून घ्यायची पण भांडायचं नाही, आणि पिणं थांबवण्याची जबाबदारी मित्राची नाही. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं. दिवाळीत दमणला गेलेल्या ग्रुपबरोबर सुपरवायझर परत प्यायला, तेव्हा मित्राने मला रात्री अकराला मेसेज केला, माझं कुठे चुकलं? मी लिहिलं की व्यसनात असं घसरणं होतं, उपचार फुकट गेले असं नाही, पण पुन्हा रोजचं सुरू व्हायच्या आत डॉक्टरना कळवा. दोन दिवसांनी सुपरवायझरने स्वतःच अपॉइंटमेंट घेतली, या वेळी वहिनी सोबत गेल्या आणि मित्र ऑफिसला गेला.