मुळासकट काढलं होतं की, सर!

"मुळासकट काढलं होतं की, सर. मग परत कसं काय आलं?" खुर्चीत टेकायच्या आधीच त्यानं विचारलं.

वय तिशीच्या आतलं, लातूरकडचं खेडं, सोयाबीनची रास करून आलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लघवीच्या जागी चामखिळी. आधी घोड्याचा केस बांधून पाहिला, मग चुना-सोडा लावून कातडं भाजून घेतलं. शेवटी डॉक्टरांनी जागा बधिर करून बारक्या मशीननं जाळल्या, एक मोठी कापून काढली. जखम भरली. अडीच महिन्यांनी शेजारीच तीन नवे दाणे.

चामखिळीला मूळ नसतंच. एचपीव्ही हा विषाणू आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असतो. शस्त्रक्रियेनं दिसतं तेवढंच निघतं. पहिल्या तीन महिन्यांत परत येणं म्हणूनच नेहमीचं. त्यात डॉक्टरांचा हात चुकलेला नसतो.

"म्हणजे कुंद्याच्या तणासारखंच की!"

"तेवढं वाईट नाही. कुंदा रान सोडत नाही. इथं बहुतेकांचं शरीरच वर्ष-दोन वर्षांत विषाणूला दाबून टाकतं."

मग तो गप्प झाला. खरा प्रश्न पुढंच होता. बायकोला त्यानं चार महिन्यांपासून माहेरी धाडलेलं. "तिच्याकडूनच आलं ना हे?"

हे कुणालाच सांगता येत नाही, अगदी तपासणी करूनही. लागण झाल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे लागतात, कधी महिने, कधी वर्षं. लग्नाआधीचंही असू शकतं, आणि त्याच्याकडूनही आलेलं असू शकतं. हे ऐकून त्यानं मान खाली घातली.

कॅन्सरची भीतीही होती. चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होतात; कॅन्सर करणारे मुख्य प्रकार १६ आणि १८, ते वेगळे. तरी बायकोला तपासून घ्या म्हटलं, आणि दोघांची एचआयव्ही-गुप्तरोगाची तपासणीही. तिशीनंतर तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी प्रत्येकीनं करावी. आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. एचपीव्हीच्या एकाच तपासणीनं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू घटतात, हे २००९ साली त्यातूनच जगापुढं आलं. जखम भरेपर्यंत संबंध नको, नंतर निरोध वापरा; त्यानं धोका कमी होतो, पुरता जात नाही. आणि तिथं ब्लेड फिरवू नका.

पुढच्या महिन्यात दोघं आले. तिला काही निघालं नव्हतं. त्याचे दाणे डॉक्टरांनी गोठवून काढले. ती सगळं ऐकून घेत होती. उठताना नवऱ्याकडं न बघता मला म्हणाली, "पण सर, आमच्या गावात घोडाच न्हाई. यांनी केस आणला कुठनं?"