जीएसडी टाइप १ए: रात्रीचं कॉर्नस्टार्च आणि कॅज्युअल्टीसाठीचं पत्र

ताई, दीड वर्षाची मुलगी, वजन १० किलो, जीएसडी टाइप १ए (ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, म्हणजे यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडता न येण्याचा जन्मजात आजार), दर चार तासांनी कॉर्नस्टार्च देऊनही पहाटे साखर ६० च्या खाली. तुमचं वाचलं आणि आमच्या घरचे ते दिवस आठवले. आजार काय, यकृत का वाढतं, दूध-फळं-साखर का बंद, हे तुम्हाला सांगितलेलं असणारच, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही. डोस मेटाबॉलिक (चयापचयाच्या आजारांच्या) डॉक्टरांना विचारूनच बदला.

या वयात साधारण किलोमागे १.६ ग्रॅम कॉर्नस्टार्च, दर तीन-चार तासांनी, असा हिशोब धरतात. म्हणजे तुमच्याकडे एका वेळी १६ ग्रॅम. चमच्याने मोजत असाल तर आजच थांबवा. सपाट आणि शिगोशीग चमच्यात फार फरक पडतो. डिजिटल काटा घ्या आणि दिवसभराचं सकाळीच मोजून छोट्या डब्यांत भरून ठेवा. पाणी साधं किंवा गार, पिठाच्या दुप्पट. गरम पाण्यात स्टार्च शिजतो, झटकन पचतो, साखर भराभर चढते आणि तशीच उतरते. लिंबू किंवा साखर त्यात अजिबात नको.

बहुतेक ठिकाणी चुकतं ते तळाशी. झोपेतल्या मुलीला पाजताना वरचं पांढरं पाणी पोटात जातं आणि पेल्याच्या बुडाला घट्ट थर उरतो, चमचा टेकवला की करकरतो. डोस तिथेच राहिला! पाजायच्या क्षणी ढवळा, मग त्याच पेल्यात दोन चमचे पाणी फिरवून तेही पाजा. पीठ पांढरं कॉर्नफ्लोअरच हवं, घटकांत फक्त मक्याचा स्टार्च. भाकरीचं पिवळं पीठ चालत नाही, कस्टर्ड पावडरही नाही. ब्रँड बदलला तर त्या रात्री साखर जास्त वेळा तपासा. गजर दोन फोनवर, दोघांच्या उशाशी.

आता खरं सांगायचं ते. उलट्या सुरू झाल्या आणि स्टार्च पोटात टिकेना, तर घरी वाट बघू नका, निघा. एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आधी फाइल, मग रिपोर्ट, मग 'सीनियर येतील' असं करत सलाइन लागायला उशीर झाला, आणि लावली तीही रिंगर लॅक्टेट, म्हणजे लॅक्टेट असलेली सलाइन. या मुलांच्या रक्तात लॅक्टेट (शरीरात साचणारं एक आम्ल) आधीच वाढलेलं असतं! तोंडी समजावणाऱ्या आईकडे तिथे कोणी बघत नाही, याचा राग मला आजही येतो.

म्हणून पत्र. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, एकाच पानावर. इतिहास खाली, आदेश वर: 'रिपोर्टची वाट न पाहता १० टक्के डेक्स्ट्रोज, सलाइनसह, मेंटेनन्सच्या सव्वा ते दीडपट वेगाने.' डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, आणि मेंटेनन्स म्हणजे वजनानुसार सलाइनचा नेहमीचा वेग. १० किलोला दीडपट म्हणजे तासाला साधारण ६० मिली. हा आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. पुढे ठळक: रिंगर लॅक्टेट नको. ग्लुकागॉन (साखर वाढवायला देतात ते इंजेक्शन) नको, कारण या आजारात त्याने साखर वाढत नाही, लॅक्टेट मात्र वाढतं. ड्रिप एकदम बंद करू नये, तोंडी आहार टिकल्यावर हळूहळू उतरवावी. साखरेसोबत लॅक्टेटही तपासावं. लॅमिनेट करून एक प्रत बॅगेत, एक आजीकडे, फोटो दोघांच्या फोनमध्ये. वजन किलोभर वाढलं की नवीन पत्र. माझ्या मते हे पत्र ग्लुकोमीटरइतकंच महत्त्वाचं आहे. आणि बरं असताना एकदा जवळच्या रुग्णालयात जाऊन बालरोगतज्ज्ञांना ते दाखवून ठेवा.

'खेळतेय ना, मग ठीक आहे' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. लॅक्टेटवर मेंदूचं काम काही काळ निभतं, म्हणून साखर खाली असूनही मूल हसत असतं.

तापाच्या सिरपमध्ये बऱ्याचदा साखर किंवा सॉर्बिटॉल (गोडीसाठी घातलेला घटक) असतं, केमिस्टकडे लेबल वाचूनच घ्या. प्रसादाचा शिरा, पेढा, मधातलं चाटण यांवर नातेवाइकांशी वाईटपणा घ्यावा लागला तर घ्या. मेटाबॉलिक डॉक्टर अजून ठरले नसतील तर मुंबईत परळचं केईएम रुग्णालय हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातलं उपचार केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

साखर नेमकी डोसनंतर किती तासांनी पडते आणि पेल्यात काही उरतं का, ते आज रात्री बघून लिहा.