महिन्याला साधारण १,००० किलोमीटर चालणारी विजेवरची गाडी महाराष्ट्रात घरीच चार्ज केली, तर पेट्रोलच्या तुलनेत खरोखर किती बचत होते?

इंधनखर्चापुरते बोलायचे तर महिन्याला साडेचार हजार रुपयांच्या आसपास बचत होते. मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये सुमारे ७ किलोमीटर जाते, म्हणजे १,००० किलोमीटरसाठी १४३ युनिटे लागतात; पण चार्जिंग होताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जात असल्यामुळे मीटरवर १६० च्या आसपास युनिटे पडतात. सर्व आकार आणि वीजशुल्क धरून युनिटला १४ रुपये मानल्यास हा खर्च २,२४० रुपये होतो, तर लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला १०४ रुपये दराने जवळजवळ ७,००० रुपयांचे पेट्रोल लागते. मात्र घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो आणि गाडीची युनिटे घरच्या वापरावर जाऊन बसतात, हे पुष्कळजण हिशोबात धरत नाहीत. म्हणून युनिटचा दर सरासरीने न काढता बिलावरील सर्वांत वरच्या टप्प्याचा घ्यावा, किंवा गाडीसाठी स्वतंत्र जोडणी परवडते का ते पाहावे. हे सारे गणित घरच्या चार्जिंगचे आहे. इमारतीत स्वतःची पार्किंगची जागा नसेल आणि रोज सार्वजनिक जलद चार्जरवर अवलंबून राहावे लागत असेल, तर तिथल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बचत बरीच घटते. अशा स्थितीत गाडीची जास्तीची किंमत वसूल व्हायला इतकी वर्षे लागतात की केवळ बचतीसाठी ती घेऊ नये, असे माझे मत आहे.