आधी मासा हातात द्या, मग कागद

तुम्ही लिहिलंय की लेक चार वर्षांची आहे, समुद्राची छापील चित्रं रंगवायला दिली की पाच मिनिटांत उठून जाते. मी रत्नागिरीकडे बावीस वर्षं बालवाडीत शिकवतेय, आणि मला वाटतं ती उठते ते बरोबरच आहे. मासा दुसऱ्याच कुणीतरी काढून ठेवलेला, मग तिने करायचं काय?

तुमच्याकडे मासे चालत असतील तर बाजारातून एक लहान पापलेट आणा. अंगाने चपटं असल्यामुळे कागद त्यावर नीट बसतो. मीठ लावून धुवा, बुळबुळीतपणा गेला पाहिजे, मग फडक्याने कोरडं करा. पोस्टर कलरचा पातळ हात फिरवा, वर पातळ कागद ठेवा आणि तिला बोटांनी हळूहळू दाबू द्या. कागद उचलला की कल्ल्याची कड, परांच्या रेघा, शेपटीची कात्री, सगळं उमटलेलं असतं. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात पकडलेल्या माशाची नोंद अशीच ठेवत, त्याला 'ग्योताकू' म्हणतात. आमच्या वर्गात एकीने पहिला ठसा बघितला आणि पापलेटाच्या डोळ्याभोवती बोट फिरवत राहिली. नंतर आपण होऊन तिने जे मासे काढले, त्या प्रत्येकाला कल्ला होता. रंग लावलेला मासा मात्र खायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा.

शाकाहारी घर असेल तर भेंडी घ्या. देठाजवळ आडवी कापली की पाच कोनांचा ठसा मिळतो, अगदी तारामाशासारखा. एखाद्या भेंडीला सहा-सात कोन निघतात, मुलं ते मोजत बसतात. मोजू द्या.

पाण्यासाठी मेणाचे खडू आणि जलरंग. पांढऱ्या खडूने जोर देऊन लाटा काढायच्या, वरून रंगाचं पाणी फिरवायचं. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे न दिसणाऱ्या लाटा एकदम वर येतात. रंग ओला असतानाच, कागदावर चकाकी आहे पण डबकं नाही अशा वेळी, चिमूटभर खडं मीठ टाका. मीठ पाणी ओढून घेतं, रंग त्याच्याभोवती सरकतो आणि फेसासारखे ठिपके उठतात. बारीक मिठाने ही मजा येत नाही. पूर्ण वाळल्यावरच झटका. आणि तिच्या बोटाला कुठे खरचटलंय का, ते आधी बघा, मीठ झोंबतं.

एक विनंती. रंग तिला निवडू दे. जुलैत आमच्याकडचा एक मुलगा समुद्र तपकिरी रंगवत होता, शेजारच्या बाईंनी त्याच्या हातात निळा दिला. पोर रडवेलं झालं. पावसात नद्यांचा गाळ येऊन आमचा समुद्र खरंच गढूळ दिसतो, त्याने रोज बघितलेलंच काढलं होतं. तुमची लेक समुद्रापासून लांब असेल तर रंगवायच्या आधी काचेच्या ताटलीत पाणी घेऊन खिडकीत ठेवा, कुठे कुठले रंग दिसतात ते तिलाच सांगू दे.

शंख-शिंपले चिकटवायचे असतील तर मोठे घ्या. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बारके तोंडात जातात. किनाऱ्यावरून आणले असतील तर आत कुणी राहत नाही ना, हे पाण्याच्या ताटात थोडा वेळ ठेवून बघा. शंखातून पाय बाहेर आले तर तो परत जिथून आणला तिथेच सोडायचा. आमची मुलं ते शंखातलं खेकडं चालताना बघून झालं की लगेच कागद मागतात.