चिनी वैद्यकात अंजीर खरंच मूळव्याधीवर आणि खोकल्यावर देतात का?

हो, देतात. पण जिनसेंगसारखी भारी औषधं असतात त्या पंगतीत अंजीर बसत नाही. ते अर्धं औषध, अर्धा खाऊ.

मुळात हे झाड चीनचं नाहीच. नवव्या शतकात तुआन छंगशी या लेखकाने ते पर्शियातलं म्हणून नोंदवलं आहे. औषध म्हणून ठळक नोंद सापडते ती चिनी वैद्य ली शिझन यांच्या 'पन्त्साव कांगमू' या सोळाव्या शतकातल्या प्रचंड ग्रंथात. तिथे फळ गोड, निर्विष आणि सम, म्हणजे ना उष्ण ना थंड, असं म्हटलंय (आपल्याकडे आयुर्वेदात ते थंड मानतात). उपयोग दिलेत ते असे: भूक लागावी, जुलाब थांबावेत, मूळव्याध आणि घसादुखी बरी व्हावी. गंमत म्हणजे आजचे चिनी वैद्य तेच फळ बद्धकोष्ठावरही देतात. हे मात्र समजण्यासारखं आहे, सुक्या अंजिरात शंभर ग्रॅमला दहाएक ग्रॅम तंतू असतात. शौचाला कुंथावं लागलं नाही की मूळव्याधीचा त्रासही आपसूक कमी होतो.

खोकल्याचं म्हणाल, तर मी दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला नोकरीला होतो तेव्हा शरद ऋतूत हवा कोरडी पडली की घरोघरी अंजिराचं सूप शिजायचं. चार-पाच सुकी अंजीरं, डुकराचं बिनचरबीचं मांस, नाशपाती आणि जर्दाळूच्या बिया, मंद आचेवर दोनेक तास. खवखवणाऱ्या घशाला बरं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलंय. त्यात अंजिराचा वाटा किती आणि गरम पाण्याचा किती, ते सोडा. मांस खात नसाल तर नुसतं नाशपाती-अंजीर उकळा. जर्दाळूच्या कडू बिया मात्र घरी फोडून घालू नका, त्यातून सायनाइड तयार होतं.

पानांचा काढा चिनी लोक मूळव्याधीच्या सुजेवर शेक-धुण्यासाठी वापरत आले. ली शिझन यांनी पानं किंचित विषारी असल्याचं लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे. पानांत आणि चिकात सोरालेन नावाचं रसायन असतं. ते लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. हा प्रयोग घरी नकोच.

अंजिराने कॅन्सर बरा होतो, असे व्हिडिओ फिरतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर चीक टाकून पाहणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं, तेव्हा ते सरळ विसरा.

मधुमेह असेल तर सुकी अंजीरं मोजूनच खा, वजनाच्या जवळपास निम्मी साखरच असते. आणि शौचावाटे रक्त जात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ते दरवेळी मूळव्याधीचंच असतं असं नाही.