पार्किंगचं काँक्रीट सगळीकडे सारख्या जाडीचं यायला कोणती हत्यारं घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय ते एवढं: घरापुढे 20 बाय 15 फुटांची पार्किंगची जागा, मुरूम टाकून झालाय, त्यावर 4 इंच काँक्रीट करायचंय. मिस्त्री म्हणतो "पट्टीनं ओढून देतो, काळजी करू नका", आणि तुम्ही ऑनलाइन बुल फ्लोट, इंजिनवाला स्क्रीड (काँक्रीट ओढून सपाट करायचं यंत्र), लेझर असं सगळं बघून गोंधळलाय. वरच्या मजल्याच्या स्लॅबलाही हेच चालेल का, असंही विचारलंय.

मिस्त्रीची पट्टी, म्हणजे ओलं काँक्रीट ओढून सपाट करायची लांब सरळ पट्टी, पुरेशी आहे. पैसे घालायचेच तर पट्टी ज्याच्यावर टेकते त्या चॅनलवर आणि खालच्या मुरमावर घाला. पट्टी फक्त वरची बाजू सपाट करते. मुरूम खालीवर असेल तर वरून झकास दिसणारं काँक्रीट एका कोपऱ्यात 5 इंच आणि गाडीचं चाक येतं तिथे नेमकं 3 इंच असू शकतं. भरून झाल्यावर ते कुणाला दिसत नाही.

आणि एक इंच म्हणजे किरकोळ फरक नव्हे. सळई नसलेल्या काँक्रीटची वाकायला विरोध करण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. चाराचे तीन इंच झाले की ताकद 16 ला 9, म्हणजे निम्म्याच्या थोडी वर उरते. उलट बाजूचा हिशोब खिशाचा. 300 चौरस फूट आणि 4 इंच म्हणजे बरोबर 100 घनफूट, एक ब्रास काँक्रीट. मुरूम सरासरी अर्धा इंच खाली गेला तर साडेबारा घनफूट जादा लागतं, त्यात 1:1.5:3 च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला जवळजवळ तीन गोण्या सिमेंट जातं. माल कमी पडला की मिस्त्री शेवटच्या कोपऱ्यात तो पातळ पसरतो, हे मी बऱ्याच साइटवर पाहिलंय.

म्हणून पहिलं हत्यार खाच पाडलेली फळी. ती दुकानात मिळत नाही, सुताराकडून अर्ध्या तासात करून घ्या. कडेला लावलेल्या दोन चॅनलवर फळीची दोन्ही टोकं टेकतात आणि मधला भाग 4 इंच खाली लोंबतो. ही फळी मुरमावरून ओढत न्यायची. जिथे घासते तिथला मुरूम खरवडायचा, जिथे खाली फट दिसते तिथे भर घालून पाणी मारून पुन्हा धुम्मस करायची, म्हणजे ठोकून दाबायचं. भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर (मुरूम दाबायचं थरथरतं यंत्र) मिळाला तर उत्तम, पण कोपऱ्यात आणि भिंतीलगत हाताची धुम्मसच चालते. फळी सगळीकडून सारखी सरकली की जाडीचं काम काँक्रीट येण्याआधीच झालं.

उतारही इथेच द्यायचा, चॅनलला आणि त्याच्याबरोबर मुरमाला. पावसाचं पाणी घरापासून रस्त्याकडे जायला 100 ला 1 उतार पुरतो, 20 फुटांना साधारण अडीच इंच. पुष्कळ जण मुरूम पाणसळीत सपाट करतात आणि उतार काँक्रीटमध्ये काढतात. मग घराकडे साडेसहा इंच आणि फाटकाकडे 4 इंच, आणि वर 'ब्रास कसा पुरला नाही' म्हणून वाद.

चॅनलबद्दल. 100 मिमी उंचीचं लोखंडी चॅनल म्हणजे आयतं 4 इंचाचं माप. सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देणाऱ्यांकडे विचारा. नसेल तर 4 इंच रुंदीची सरळ फळी उभी लावा, पण तिला बाहेरून दोन-अडीच फुटांवर खुंट्या ठोका, नाहीतर ओलं काँक्रीट तिला पोट काढायला लावतं. 15 फूट रुंदीला एकच पट्टी घालायला जाऊ नका. मधे आणखी एक चॅनल टाकून साडेसात फुटांचे दोन पट्टे करा, वर 10 फुटी पट्टी आरामात बसते. इतकी लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मधे झोळ खाते की नाही ते आधी बघा: सपाट फरशीवर ठेवून कडेनं पेन्सिलची रेघ मारा, पट्टी उलटी करून तीच कड त्या रेघेला लावा. मधे फट दिसली तर पट्टी वाकडी आहे. मिस्त्रीची पट्टी बहुधा टेम्पोत सामानाखाली दबून आलेली असते, त्यामुळे हे बघायला लाजू नका.

चॅनलची लेव्हल काढायला पाण्याची नळी पुरे, फक्त ती पारदर्शक हवी आणि आत बुडबुडा नको. एक बुडबुडा राहिला की लेव्हल चुकते आणि वर मिस्त्री आणि मालक दोघेही नळीवर विश्वास ठेवून बसतात. नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं पाणी ओढून घ्या, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एकाच उंचीला उभं राहतं का बघा, मग कामाला लागा. मापताना दोन्ही टोकं उघडी पाहिजेत, अंगठा दाबून धरलेला असला तर पाणी खरं बोलत नाही. तुम्ही पाहिलेलं लेझर चांगलं आहे, पण स्वस्तातल्या रेघवाल्या लेझरची रेघ भर उन्हात दिसत नाही. ते घरातल्या टाइलच्या कामाचं. अंगणात वापरायचं तर रिसीव्हर (उन्हातही रेघ पकडणारं यंत्र) जोडता येणारं हवं, किंवा संध्याकाळी खुणा करून ठेवा.

आता ओढण्याचं काम. काँक्रीट एका ठिकाणी ढीग टाकून फावड्यानं लांबवर ढकलत नेऊ नका, खडी मागे राहते आणि सिमेंटचं पाणी पुढे पळतं. घमेली किंवा गाडी जागेपर्यंत नेऊन टाका. व्हायब्रेटरची सुई मालात घालून माल सरकवणं हाही तोच प्रकार. पट्टीला दोन माणसं, पट्टीच्या पुढे फावडं घेतलेला एक. पट्टी पुढे ढकलायची नाही, करवतीसारखी आडवी हलवत पुढे आणायची. तिच्या तोंडाशी सगळ्या रुंदीभर इंचभर मालाची वळी सतत दिसली पाहिजे. वळी नाहीशी झाली की तिथे खड्डा राहणार, तिथे लगेच फावडंभर माल. वळी वाढून तीन-चार इंच झाली की पट्टी तिच्यावर चढते आणि तेवढा भाग उंच राहतो. फावडेवाला जाणता हवा, मिस्त्रीनं स्वतः पट्टी धरून अननुभवी पोरगा पुढे ठेवला की सगळी गडबड होते. एकदा ओढून झालं की खळगे भरून दुसऱ्यांदा ओढा. मधलं चॅनल काढलं की त्याची चर ताज्या मालानं भरून दाबून घ्या.

खोली तपासायची सोपी युक्ती: 4 इंचांवर टेप गुंडाळलेली सळई. ओल्या मालात उभी खुपसायची, मुरमाला टेकली की टेप वरच्या पातळीशी जुळला पाहिजे. दर पाच-सहा फुटांवर बघत चला. छिद्र रंध्यानं, म्हणजे माल सपाट करायच्या मुठीच्या फळीनं, एका फटक्यात बुजतं.

माल पातळ करण्याचा मोह आवरा. पाणी जास्त घातलं की काँक्रीट आपोआप सपाट होतं, ओढायचे कष्ट वाचतात. पण त्याबरोबर तुमचा उतारही वाहून जातो आणि ताकदही.

बुल फ्लोट म्हणजे लांब दांड्याला लावलेला रुंद पाता. पट्टीनं ओढून झाल्या झाल्या, वर पाणी यायच्या आत, तो एकदा फिरवला की पट्टीचे ओरखडे जातात आणि खडी खाली बसते. 7-8 फुटांच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी लाकडी रंध्यानं हात पोचतो, त्यामुळे तुम्हाला तो विकत घ्यायची गरज नाही. त्यानं जाडी सुधारत नाही, वरचं रूप सुधारतं. त्यानंतर वर पाण्याची चकाकी येते. ती पूर्ण जाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. याच वेळी काही मिस्त्री वर कोरडं सिमेंट भुरभुरतात, पाणी शोषलं जातं, घोटायला मऊ लागतं, मालकही खूश. पण पुढे त्याच थराचे पापुद्रे निघतात. पार्किंगला गुळगुळीत घोटूही नका, पावसात चाक आणि पाय दोन्ही घसरतात. रंध्यानं सपाट करून झाडूच्या रेघा आडव्या मारून घ्या.

यंत्रांचं थोडक्यात. गोडाऊन, कारखाना, मोठ्या सोसायटीचा रस्ता असेल तर ट्रिमिक्सवाले येतात: चॅनलवर चालणारं दुहेरी बीमचं व्हायब्रेटर, मग व्हॅक्यूमनं पाणी खेचणाऱ्या मॅट, शेवटी 'हेलिकॉप्टर' म्हणतात ते घोटण्याचं मशीन. 300 चौरस फुटांसाठी त्यांचा माणूस फोनही उचलणार नाही. दांड्याचा इंजिनवाला स्क्रीड भाड्यानं मिळतो, पण त्याला चॅनल नसेल तर तो चालवणाऱ्याच्या नजरेवर चालतो. लेझरवर स्वतः पातळी धरणारी मोठी यंत्रं कारखान्यांच्या फरशीसाठी असतात, त्यांचा विचार सोडा.

एक गोष्ट विचारली नाहीत, पण सांगतो. 4 इंच जाडीला जोड 8 ते 12 फुटांच्या आत हवेत. तुमच्या मधल्या चॅनलची रेघ साडेसात फुटांवर आहेच, तिच्यावर आणि आडवं 10 फुटांवर, असे दोन काप दुसऱ्या दिवशी कटरनं इंचभर खोल मारून घ्या. नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मर्जीनं तडकतं.

स्लॅबची गोष्ट वेगळी. तिथे खाली मुरूम नसून सेंट्रिंगचे पत्रे असतात, त्यामुळे खालची बाजू सेंट्रिंगवाला ठरवतो आणि प्रॉप (खालचा टेकू) दबला की जाडी बिघडते. कडेच्या फळ्यांवर उंचीची खूण असते, पण मधोमध काहीच नसतं. तिथे स्लॅबच्या जाडीचे काँक्रीटचे ठोकळे मधेमधे ठेवून त्यांच्या डोक्याच्या पातळीवर पट्टी ओढायची. टेप लावलेली सळई इथेही चालते, फक्त पत्र्याला भोक पडेल इतक्या जोरात मारू नका. इथे जादा जाडी ही चैन नाही, एक इंच जास्त म्हणजे चौरस फुटाला सुमारे 6 किलो मेलेलं वजन. 600 चौरस फुटांच्या स्लॅबवर साडेतीन टनांच्या वर जातं, आणि ते इंजिनियरच्या हिशोबात धरलेलं नसतं. शिवाय माणसं वरच्या सळयांवर पाय देत फिरतात, त्या खाली बसतात आणि पट्टीला ते कळत नाही. म्हणून आडव्या फळ्या टाकून चालायची वाट करा आणि सळयांखालच्या खुर्च्या, म्हणजे वरच्या सळया उचलून धरणारे आधार, काँक्रीट ओतायच्या आधी मोजून घ्या.